बोटं किती लावायची

“मग बोटं किती लावायची, अंकल?”

म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही.

“तुम्ही दोनच लावता. अंगठा आणि तर्जनी. मी रोज बघते. बाकीची तीन नुसती बसून असतात. मी अनामिका लावली तर सूर जास्त भरतो. मला करंगळीसुद्धा लावता येते.”

“येते?”

“हो.”

“बरं,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं पुढची गाठ मारली.

त्याचं नाव मोझेस काहाले. हवाई बेटांपैकी मोलोकाई नावाच्या बेटावर, अगदी समुद्राला लागून त्याचं पत्र्याचं घर होतं. तिथं वयानं मोठ्या माणसाला अंकल म्हणतात, आपल्याकडे काका म्हणतात तसं. मासेमारी हा त्याचा धंदा. पण बेटाबाहेरून लोक यायचे ते त्याची गिटार ऐकायला.

तिकडे गिटार वाजवायची एक जुनी रीत आहे. तारा ताणायच्या ऐवजी ढिल्या करायच्या. मग काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी गिटार सुरात बोलते, आपला तंबोरा बोलतो तशी. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. तारा किती ढिल्या करायच्या हे प्रत्येक घराचं वेगळं. पूर्वी वाजवून झालं की माणसं तारा मुद्दाम बिघडवून ठेवत. परक्याला कळू नये म्हणून.

मोझेसनं मात्र बोटं विचारणाऱ्या शर्वरीला दाखवलं होतं. का, ते तिनं विचारलं नाही. आपला हात पाहून दाखवलं असेल, असं ती धरून चालली.

शर्वरी देवस्थळी सांगलीची. वडील तबल्याचे शिक्षक. तिनं गिटार धरली, पुण्यात शिकली, परीक्षा दिल्या, बक्षिसं मिळवली, आणि आता स्वतः शिकवायची. एका संगीत महोत्सवासाठी ती होनोलुलूला आली होती. तिथं कुणीतरी मोझेसचं नाव सांगितलं. दोन दिवसांसाठी म्हणून ती या बेटावर आली आणि राहिली.

रोज दुपारनंतर ती मोझेसच्या ओसरीवर येऊन बसायची. चपला पायरीखाली काढायची. मोझेस वाजवायचा, ती बघायची. तो समजावून काहीच सांगायचा नाही.

ती मात्र विचारायची. नखं किती ठेवायची. अंगठा वाकवायचा की सरळ. मधलं बोट कधी लावायचं. बोटं किती लावायची...

एक गाणं तो रोज शेवटी वाजवायचा. लहानसं, संथ. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं, “हे आईचं.”

“छान आहे,” शर्वरी म्हणाली होती. “यात वरची तार किती उतरवलीय?”

या गाण्यात एका ठिकाणी त्याचा हात थांबायचा. ओळ संपत आलेली, आता शेवटचा सूर येणार, आणि हात थांबायचा. कधी थोडा, कधी बराच. मग तो सूर यायचा आणि गाणं पुढं जायचं.

शर्वरीनं त्याच्या बोटांकडे नीट पाहिलं. सांधे सुजलेले होते. मीठपाण्यात आयुष्य गेलेली बोटं. तिला वाईट वाटलं.

खोलीवर गेल्यावर तिनं तेच गाणं घेतलं. थांबायच्या जागी अनामिकेनं आणि करंगळीनं एक नाजूक तान बसवली. वरून खाली घरंगळत येणारी. ती इतकी चपखल बसली की शर्वरी स्वतःशीच हसली.

सांगलीला तिनं बहिणीला फोन केला.

“म्हातारबुवांचा हात अडतो गं तिथं,” ती म्हणाली. “मी ते भोक बुजवलंय. ऐकशील तर ऐकतच राहशील.”

*

त्या आठवड्यात शिंपल्याच्या धारेनं मोझेसचा उजवा तळहात कापला. खोल कापला. शर्वरी आली तेव्हा हाताला जाड पट्टी होती.

“शनिवारी घरची माणसं येणार आहेत,” तो म्हणाला. “दर वर्षी येतात. आईचं गाणं वाजवायचं असतं.”

“मग?”

तो पट्टीकडे बघत राहिला.

“तू वाजव.”

ज्या घरात तारासुद्धा परक्यापासून लपवत, तिथं शर्वरीला वाजवायला सांगत होते. तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्याला ते कळलं नाही. तिचं काही खाली पडलंय असं वाटून तोही वाकून बघू लागला.

“मी वाजवतो तसं वाजव,” तो म्हणाला.

“हो अंकल.”

“तसंच.”

“हो.”

ती हो म्हणाली. मनात म्हणाली, तुम्हाला जसं वाजवायचं असतं ना अंकल, तसं वाजवते.

*

शनिवारी माणसं आली. ओसरीच्या पायरीखाली चपलांचा ढीग झाला. भाजलेले मासे होते, केळीची पानं होती, अळकुड्या उकडून कुटून केलेली लापशीसारखी पोई होती. शर्वरीला ते अळकुड्यांचं फार नवल वाटलं. तिनं दोनदा मागून घेतली.

मोझेसची थोरली बहीण हालिया बेटाच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. उंच, वाळलेली बाई. आल्यापासून कुणाशी फारसं बोलली नव्हती. सगळे जेवत असताना तिनं आपली खुर्ची उचलली आणि ओसरीच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून ठेवली.

सूर्य पाण्याजवळ आला. बोलणी आपोआप कमी झाली. मोझेसनं शर्वरीकडे पाहून मान हलवली.

तिनं वाजवायला सुरुवात केली.

पहिली ओळ. दुसरी. अंगठ्याचा ठेका असा पडला की तिला स्वतःलाच बरं वाटलं. आता ती जागा आली. अनामिका उठली, करंगळी उठली, आणि तान घरंगळत खाली आली. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही.

त्याच वेळी हालिया खुर्चीतून अर्धी उठलेली तिला दिसली. बाईनं एक हात तोंडाच्या कडेला नेला होता. छाती भरून आली होती. तोंड उघडलं होतं.

तान संपली, शेवटचा सूर आला, गाणं पुढं गेलं.

हालियाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं हात खाली घेतला.

चकित झाली, शर्वरीला वाटलं.

गाणं फिरून आलं. पुन्हा ती जागा. या वेळी तिनं तान थोडी आणखी खुलवली. हालियाचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला आणि तिथंच थांबला.

तिसऱ्या वेळी हात हललाच नाही.

शर्वरीनं डोळे मिटून गाणं संपवलं. डोळे उघडले तेव्हा सगळे जमिनीकडे बघत होते. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून इतरांनीही वाजवल्या. एक भाची म्हणाली, “किती स्वच्छ वाजवतेस.”

हालिया उठली, खुर्ची जागेवर ठेवली, आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

माणसं लवकर निघाली. जाताना प्रत्येकानं शर्वरीचा हात हातात घेतला, गालाला गाल लावला. कुणी काही कमी केलं नाही. तरी तिला काहीतरी टोचत राहिलं.

ओसरी रिकामी झाल्यावर ती मोझेसजवळ आली.

“आंटींना आवडलं नाही का?”

मोझेस बसून होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा पडला होता.

“तिथं ती हाक मारते,” तो म्हणाला.

“कुठं?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं, कुठं ते.

“कुणाला?”

“कावीकाला. आमच्या धाकट्याला.”

...

“होडी घेऊन जाळं काढायला गेला. तिन्हीसांजेचं जेवण व्हायचं होतं. होडी सापडली. तो नाही सापडला. त्या वर्षी आईनं हे गाणं केलं. या वेळेला इथंच बसायची. वाजवायची, थांबायची, त्याला जेवायला बोलवायची. मग पुढं वाजवायची.”

“रोज?”

“ती होती तोवर रोज. आता हाक वर्षातून एकदा. मी वाजवतो. हालिया हाक मारते.”

शर्वरी भिंतीला टेकली.

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

“तू बोटं विचारलीस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काही मिळालं असतं.

“मला वाटलं...” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमची बोटं तिथं अडतात.”

मोझेसनं मान हलवली.

“अडतात,” तो म्हणाला.

*

तिचा चेहरा कानांपर्यंत तापला. गिटार अजून तिच्या हातात होती. ती कुठं ठेवावी ते तिला कळेना. भिंतीशी ठेवली तर ती निसटून पडेल असं वाटलं. खुर्चीवर ठेवली तर ती खुर्ची हालियाची होती. शेवटी तिनं ती जमिनीवर आडवी ठेवली, आणि मग असं उघडं वाद्य जमिनीवर ठेवलं याचीही तिला लाज वाटली.

‘मी ते भोक बुजवलंय.’ आपलाच आवाज. आपलंच हसू.

आणि ती अनाडी नव्हती. हे सगळ्यात वाईट होतं. तिच्या घरात पहाटेपासून तबला वाजायचा. तालात खाली, म्हणजे रिकामी मात्रा, येते तिथं डग्गा गप्प करायचा, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधी येत होतं. वडील म्हणायचे, खाली मोकळी सोडता येत नसेल तर समेवर येऊ नकोस. ती हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायची. सांगताना तिला फार चांगलं वाटायचं.

ती आत गेली.

हालिया पाठमोरी उभी होती. नळ चालू होता.

“आंटी...”

बाईनं मागं न बघता एक फडकं तिच्याकडे केलं.

“पुसून ठेव. ओली राहिली की डाग पडतात.”

शर्वरी ताटं पुसू लागली. एक पुसलं, दुसरं पुसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ताटावर पडायचं, ती तेही पुसायची.

“आंटी, मी तुमची...”

“छान वाजवतेस तू,” हालिया म्हणाली.

ती खरंच तसं म्हणाली. टोमणा नव्हता. पाहुणीला म्हणतात तसं ती म्हणाली, आणि शर्वरीला वाटलं, या बाईनं याच्याऐवजी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

उरलेली ताटं दोघींनी घासून-पुसून ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी शर्वरीनं सामान बांधलं. निरोप घ्यायला ती उन्हं उतरताना आली. स्वतःची गिटार तिनं आणली नव्हती. पायरीखाली हालियाच्या चपला अजून होत्या. त्या पाहून तिला परत फिरावंसं वाटलं.

मोझेस ओसरीवर होता.

“ये,” तो म्हणाला.

“मी जाते, अंकल. सकाळच्या विमानानं. तेवढंच सांगायला आले.”

“बस.”

ती बसली. त्यानं डाव्या हातानं आपली गिटार उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तारा तशाच होत्या, ढिल्या, आईच्या गाण्याच्या.

“नको अंकल. माझी लायकी नाही.”

“लायकीचं कोण बोलतंय? माझा हात कापलाय.”

आतून दार वाजलं. हालिया बाहेर आली. शर्वरीकडे पाहून तिनं मान हलवली, खुर्ची उचलली, आणि कडेला नेऊन समुद्राकडे तोंड करून ठेवली.

सूर्य पाण्यापासून हातभर वर होता.

शर्वरीनं बोटं तारांवर नेली. तिची बोटं ठरलेल्या जागी आपोआप गेली. अंगठा खाली, मग एकेक बोट एकेका तारेवर. इतक्या वर्षांची सवय.

मोझेस पुढं झुकला. त्यानं तिचं मधलं बोट धरलं आणि तारेवरून उचलून गिटारीच्या लाकडावर ठेवलं. मग अनामिका उचलून ठेवली. मग करंगळी. लहान मुलांना ओळीत बसवावं तसं.

अंगठा आणि तर्जनी उरली.

“यांनी काय करायचं?” तिनं लाकडावरच्या तीन बोटांकडे पाहून विचारलं.

“वाट बघायची.”

तिनं सुरुवात केली. दोन बोटांनी वाजवताना तिचा हात शिकाऊ माणसासारखा चाचपडत होता. एक सूर दबला. एक चुकला. तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

पहिली ओळ. दुसरी. लाकडावर टेकलेल्या बोटांना प्रत्येक सुराचा कंप लागत होता. हे तिला नवं होतं. आजवर तिची बोटं कधी मोकळी नव्हती.

ती जागा आली.

ती थांबली.

सूर विरला. लाकडातला कंपही विरला.

हालिया बसून होती. दोन्ही हात मांडीत. ती हलली नाही.

...

लाट आली, गेली. अंगणात एक कोंबडी कण टिपत होती. तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

हालिया हलली नाही.

काल आपण नुसती एक संध्याकाळ बिघडवली असं शर्वरीला वाटत होतं. आता वाटलं, तिची हाकच काढून घेतली आपण. इतकी वर्षं आईपासून मुलीकडे आलेली. ती आता येणारच नाही. आणि आपण सांगलीला जाऊन मुलांना शिकवू.

तिची बोटं शिवशिवत होती. काहीतरी वाजवून ही शांतता बुजवावी, या बाईला यातून सोडवावं, स्वतःला सोडवावं. तिनं ती लाकडावर दाबून धरली. नखांची टोकं पांढरी पडली.

लाट आली. गेली.

मग खुर्ची करकरली.

हालिया उभी राहिली. तिनं हात तोंडाच्या कडेला नेला, छाती भरून घेतली, आणि हाक मारली.

आवाज म्हातारा होता. मध्ये चिरकला. पण लांब गेला. ओसरीवरून, कोंबडीच्या डोक्यावरून, पाण्यावरून लांब... एका मुलाचं नाव. शेवटचं अक्षर तिनं सोडलंच नाही, श्वास संपेपर्यंत धरून ठेवलं, घरोघरी आया दारात उभ्या राहून धरतात तसं.

हाक संपली.

हालियानं हात खाली घेतला. ती उभीच राहिली.

शर्वरीचे गाल ओले झाले होते. छातीवरचं काहीतरी हललं होतं. तिनं श्वास घेतला, राहिलेल्या सुरासाठी अंगठा तारेवर नेला.

तिच्या अंगठ्यावर पट्टी बांधलेला जड हात येऊन पडला.

तिनं मोझेसकडे पाहिलं.

“हाक झाली ना, अंकल,” ती हळूच म्हणाली. “आता पुढं वाजवू?”

म्हातारा समुद्राकडे बघत होता. बराच वेळ बघत होता...

“थांब,” तो म्हणाला. “अजून तो आलेला नाही.”